सुईदोऱ्याची गुरुमाउली : तेरेझ द दिल्माँ

स्मरणिकेत थोर स्त्रियांची चरित्रे द्यायची आपल्या मंडळाची प्रथा आहे. राणी, साध्वी, समाजसेविका, डॉक्टरीण, शिक्षिका अशा कितीतरी थोर स्त्रियांविषयी आपण आजवर वाचले. या वर्षी माझ्यावर चरित्र लिहिण्याचे काम आले, तेव्हा मी एक वेगळीच बाई निवडली. तिने राज्य केले नाही, सभा गाजवल्या नाहीत, तुरुंगवास भोगला नाही. तिच्या हाती होती फक्त सुई. पण त्या सुईच्या जोरावर तिचे नाव साऱ्या युरोपात झाले, आणि तिने शिकवलेले टाके आजही जगभरच्या बायका घालतात. तिचे नाव तेरेझ द दिल्माँ. आपण तिला तेरेझबाई म्हणू या.

भगिनींनो, कोणत्याही तालुक्याच्या गावी बाजारपेठेत भरतकामाच्या सामानाचे एक लहानसे दुकान असतेच. मॅटीचे कापड, लाकडी रिंगा, सुयांची पाकिटे, क्रोशाच्या सुया, मणी, टिकल्या आणि भिंतीवर रंगारंगांच्या दोऱ्यांच्या लड्या. आपण तिथे दोन लड्या घ्यायला जातो आणि अर्धा तास उभ्या राहतो. कुणी तोरणाचा नमुना दाखवते, कुणी मोराच्या मानेला कोणता निळा चांगला दिसेल ते विचारते. असे दुकान म्हणजे अर्धी शाळाच असते. अशा दुकानात कधी कधी डी. एम. सी. अशी अक्षरे असलेली लडी दिसते. ही अक्षरे ज्या कारखान्याची, त्याच्या दोऱ्याबरोबर जिची विद्या जगभर गेली, ती ही बाई.

तिचा जन्म 10 ऑक्टोबर 1846 रोजी ऑस्ट्रिया देशात झाला. व्हिएन्ना ही तिथली राजधानी. तिच्या दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवर व्हीनर नॉयश्टाट नावाचे गाव आहे, तेच तिचे जन्मगाव. मारिया तेरेझा राणीने अठराव्या शतकात तिथे लष्करी अधिकाऱ्यांसाठी विद्यालय काढले होते. तेरेझबाईचे वडील त्याच विद्यालयात शिकवीत असत. घराणे मानाचे, खानदानी. पण ती लहान असतानाच वडील वारले आणि आई मुलांना घेऊन व्हिएन्नाला आली.

खानदानी घर आणि कर्ता पुरुष गेलेला, ही अवस्था किती अवघड असते ते आपल्याला सांगायला नको. उंबरठ्याबाहेर जाऊन मोलाचे काम करणे कमीपणाचे, आणि केल्याशिवाय भागत नाही. त्या काळी युरोपातही अशा घरच्या मुलींपुढे दोनतीनच वाटा असत. लग्न करावे, कुणा श्रीमंताच्या घरी मुलांना शिकवायला राहावे, नाहीतर घरच्या घरी शिवणटिपण करून चार पैसे मिळवावेत. भरतकाम प्रत्येक चांगल्या घरच्या मुलीला येत असे, पण ते शोभेची कला म्हणून. त्यावर उघडपणे पोट भरणे निराळे.

तेरेझबाईने मात्र ते उघडपणे केले. तिने आणि तिची बहीण फ्रान्झिस्का हिने मिळून व्हिएन्नात भरतकामाचे दुकान काढले. दोन बहिणींनी आपल्या कसबावर, आपल्या नावाने, राजधानीच्या शहरात धंदा सुरू करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मला तर तिच्या चरित्रात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. शोभेची म्हणून शिकवलेली कला तिने पोटाची केली आणि त्यात कमीपणा मानला नाही.

आता काळ कसा होता ते पाहा. ज्या 1846 साली ती जन्मली, त्याच साली सप्टेंबर महिन्यात अमेरिकेत एलियस हौ याला शिवणयंत्राचे पेटंट मिळाले. म्हणजे तेरेझबाई आणि शिवणाचे यंत्र एकाच वयाची! ती मोठी होत गेली तसतशी यंत्रेही घराघरांत आणि कारखान्यांत शिरली. हाताने दिवसभर चालणारे काम यंत्र थोड्या वेळात करू लागले. मग हाताचे टाके शिकायचे कशाला, असे लोकांना वाटू लागले. मुलींचे हात सुई विसरू लागले. आईकडून मुलीकडे आणि आजीकडून नातीकडे आलेली विद्या एका पिढीत तुटते की काय अशी वेळ आली. हे तुटणे तेरेझबाईला दिसले, आणि पुढचे तिचे सारे आयुष्य ते सांधण्यात गेले.

यासाठी तिला जी जागा मिळाली, तिचीही हकीकत ऐकण्यासारखी आहे, कारण तिचा धागा आपल्या देशाशी जुळतो. फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमा जिथे भिडतात, तिथे म्यूलूझ नावाचे शहर आहे. 1746 साली तिथे डॉलफ्यूस नावाच्या गृहस्थाने भागीदारांबरोबर कापड छापण्याचा कारखाना काढला. कोणते कापड? आपल्याकडची छापील चिटे! त्या काळी हिंदुस्थानच्या चिटांनी युरोपच्या बायकांना वेड लावले होते. त्यांची बरोबरी करता यावी म्हणून तिकडे असे कारखाने निघाले आणि त्या कापडाला नावही हिंदुस्थानावरूनच पडले. शेजारच्या फ्रान्सच्या राजाने आपल्या विणकरांचे नुकसान होते म्हणून असल्या कापडावर बंदी घातली होती. म्यूलूझ तेव्हा स्वतंत्र नगर होते, म्हणून तिथे हा धंदा फोफावला. पुढे 1800 साली डॉलफ्यूस घराण्यातल्या मुलाचे मीग घराण्यातल्या मुलीशी लग्न झाले आणि कारखान्याचे नाव डॉलफ्यूस-मीग आणि कंपनी असे झाले. डी. एम. सी. ही अक्षरे तिथून आली. म्हणजे त्या नावात एक अक्षर माहेरचेही आहे! 1841 च्या सुमारास या कारखान्याने शिवणाचा आणि भरतकामाचा सुती दोरा काढायला सुरुवात केली.

1884 साली तेरेझबाई व्हिएन्नातले दुकान सोडून म्यूलूझजवळच्या दोर्नाक या लहान गावी आली. त्या वेळी ती सदतीस-अडतीस वर्षांची होती. बसलेली घडी मोडून परमुलखात नव्याने सुरुवात करायची, तेही एकट्या बाईने, हे धाडसच म्हणायचे. हा मुलूख 1871 च्या लढाईनंतर फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला होता. लोक दोन्ही भाषा बोलत. दोर्नाकला तिने भरतकामाची शाळा चालवली आणि कारखान्याच्या मदतीने आपला मोठा ग्रंथ लिहायला घेतला.

दोनच वर्षांत, म्हणजे 1886 साली, तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. नाव होते स्त्रियांच्या हस्तकामाचा ज्ञानकोश. पुस्तक आकाराने लहान, हातात मावणारे, पण पानांनी जाडजूड आणि चित्रांनी भरलेले. साध्या शिवणापासून सुरुवात. मग रफू आणि ठिगळ, जाळीकाम, पांढऱ्या दोऱ्याचे भरतकाम, जरीकाम, फुलीचे टाके, विणकाम, क्रोशाकाम, टॅटिंग, मॅक्रमे, निरनिराळ्या तऱ्हेच्या लेस. शेवटी कापडावर नमुना कसा उतरवावा, केलेले काम कसे धुवावे आणि इस्त्री कशी करावी, इथपर्यंत सारे आले आहे. हळूहळू त्याची भाषांतरे होऊन ते सतरा भाषांत गेले असे सांगतात.

या पुस्तकाची मोठी खुबी अशी की जवळ शिकवणारे कुणी नसले तरी बाईला शिकता यावे, अशा बेताने ते लिहिले आहे. टाका दाखवणे सोपे असते. टाका लिहून सांगणे फार कठीण! आपल्यापैकी कुणी साधा साखळीटाका कागदावर लिहून पाहावा, म्हणजे कळेल. सुई कुठून वर काढायची, दोरा कुठल्या बाजूला ठेवायचा, अंगठ्याने कुठे दाबायचा, एक शब्द चुकला तर सारा गुंता. तेरेझबाईने नुसत्या ऐकीव माहितीवर भागवले नाही. नमुने स्वतः करून पाहिले, पाहिले ते मांडले आणि शेजारी चित्र दिले.

पहिल्याच प्रकरणात टाक्याच्या आधी तिने बसायचे कसे ते सांगितले आहे. शिवणकामासाठी पाठीत वाकायची मुळीच गरज नाही, असे तिचे ठाम मत होते. खुर्ची आणि मेज एकमेकांना साजेसे हवे, आणि मान फारशी खाली घालावी लागू नये अशा बेताने काम धरावे. कापड गुडघ्याला टाचू नये, कारण त्याने माणूस वाकतो. जड उशी मेजावर ठेवून तिला टाचावे. सुई दोऱ्यापेक्षा किंचित जाड हवी, म्हणजे दोऱ्याला वाट होते. दोरा साधारण दोन विती घ्यावा, जास्त लांब घेऊ नये. तो हाताने तोडू नये, कात्रीने कापावा, कारण ओढून तोडला की कमजोर होतो. ज्यांच्या हाताला घाम येतो त्यांनी जवळ तुरटीची पूड ठेवावी आणि बोटे तिच्यात बुडवावीत, म्हणजे सुई गंजत नाही. वाचताना वाटते की कुणी वडीलधारी मावशी शेजारी बसून सांगते आहे.

आणि भगिनींनो, रफू आणि ठिगळ यांना या बाईने पुस्तकात कोणते स्थान दिले आहे ते मुद्दाम सांगते. जरीकाम आणि नाजूक लेस शिकवणारा हा ग्रंथ, पण दुसरेच प्रकरण फाटक्या कपड्यांचे. त्याच कापडाचा धागा उसवून घ्यावा आणि त्यानेच रफू करावे, म्हणजे रंग आणि जाडी जुळते. उभे धागे आधी घालावेत, मग आडवे, जसे मागावर विणतात तसे. ठिगळ लावताना कापडाची विणीची दिशा जुळवावी. आपल्याकडे अजून पुष्कळ जणींना रफूची लाज वाटते. मुलाच्या शाळेच्या चड्डीला ठिगळ दिसले तर चार लोक काय म्हणतील असे वाटते. तेरेझबाईच्या लेखी नवे करणे आणि जुने जपणे ही एकाच हाताची विद्या होती. ज्या घरात पैसा मोजून येतो, त्या घराला यातले मर्म लगेच कळेल.

आता आपल्या आवडत्या फुलीच्या टाक्याकडे येऊ. क्रॉस स्टिच म्हणून आपण जो घालतो, तो दिसायला अगदी सोपा. कापडाचे उभेआडवे धागे मोजायचे, एक तिरपा टाका घालायचा आणि त्यावर दुसरा उलट तिरपा. पण सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेने पडला पाहिजे, हे शिस्तीचे कलम. एक जरी उलटा पडला तरी उजेडात तेवढीच फुली निराळी चमकते. तेरेझबाईने साधी फुली दिलीच, शिवाय दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी फुली, आणि मॉन्टेनेग्रो, अल्जीरिया, ग्रीस, तसेच स्लाव लोकांचे टाके अशी कितीतरी भावंडे तिच्याशेजारी बसवली. आपल्याकडे धारवाडच्या कसुतीत अशीच फुली असते, तिला मेथी म्हणतात, आणि कसुतीचा गवंती टाकाही दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. देश निराळे, भाषा निराळ्या, पण धागे मोजणाऱ्या बायकांची बोटे जगभर एकाच वाटेने गेली आहेत, हे पाहून मौज वाटते.

इजिप्त, बल्गेरिया, तुर्कस्तान, चीन अशा दूरदूरच्या देशांतले नमुने तेरेझबाईने गोळा केले. यातले पुष्कळसे गावोगावच्या साध्या बायकांच्या हातचे होते. रुमालाची किनार, सदऱ्याचा गळा, लग्नातली चादर. त्या बायकांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत, पण त्यांचे टाके मात्र या पुस्तकात टिकले. नमुना उतरवण्याची रीतही आपल्या ओळखीची आहे. कागदावर चित्र काढून सुईने बारीक भोके पाडायची आणि वरून कोळशाची पूड चोळायची, म्हणजे खाली कापडावर ठिपके उमटतात. आपल्याकडे निळीत रॉकेल कालवून असेच छापे घेतात.

कुणी म्हणेल, यात कारखान्याचाच फायदा होता. होताच. पुस्तकात कोणत्या कामाला कोणता दोरा घ्यावा ते सांगितले आहे आणि तो दोरा त्याच कारखान्याचा आहे. पुस्तक जिथे जाईल तिथे मागोमाग दोरा जाई. ती हा कारखाना काही धर्मादाय चालवीत नव्हती, आणि तो तिला काही दान देत नव्हता. पण मला यात वावगे दिसत नाही. एका बाजूला मोठे भांडवल, मोठा व्यापार, आणि दुसऱ्या बाजूला एका बाईच्या बोटांतली विद्या. या दोन्हींचा सौदा बरोबरीने झाला. बाईचे नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आले. ती कुणाच्या आड राहिली नाही. युरोपातल्या अनेक राजधान्यांत तिच्या मालकीची भरतकामाची दुकाने झाली. दोघी बहिणींनी व्हिएन्नात लावलेले एक रोप, त्याच्या फांद्या अशा दूरवर गेल्या.

हे वैभव भोगायला तिला फार दिवस मिळाले नाहीत. 1889 साली, वयाच्या बेचाळीस-त्रेचाळिसाव्या वर्षी, तिने व्हिएन्नातल्या एका व्यापाऱ्याशी लग्न केले. संसाराला जेमतेम सुरुवात झाली आणि 22 मे 1890 रोजी ती वारली. अजून चव्वेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ग्रंथ निघून चारच वर्षे झाली होती.

पण पुस्तक थांबले नाही. नवनव्या आवृत्त्या निघत गेल्या. फुलीचे नमुने, अक्षरांचे नमुने, विणकाम, लेस अशी लहान लहान पुस्तके कारखान्याने पुढे कितीतरी काढली, आणि ती गेल्यानंतर निघालेल्या पुस्तकांवरही तिचे नाव राहिले. भरतकामाच्या पुस्तकावर तेरेझ द दिल्माँ हे नाव असले की बायकांचा विश्वास बसे. माणूस जाते आणि नाव राहते असे आपण म्हणतो, इथे ते अक्षरशः घडले. 1914 साली दोर्नाक गाव म्यूलूझ शहरात सामील झाले, 1918 च्या महायुद्धानंतर तो मुलूख पुन्हा फ्रान्सकडे आला, राज्ये बदलली, सीमा बदलल्या. टाके तेच राहिले. आज तो मूळ ग्रंथ इंटरनेटवर इंग्रजीत कुणालाही फुकट वाचता येतो. इंग्रजी न येणारीलाही चित्रांवरून पुष्कळ कळते. मी सातवी शिकलेली. मलेच्या मदतीने मी तो पाहिला, आणि चित्रांनी मला कुठेही अडू दिले नाही.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? मला दोन गोष्टी वाटतात.

पहिली गोष्ट मोलाची. आपल्या शिवणवर्गातल्या कितीतरी जणी सुरेख काम करतात, पण पैसे सांगायची वेळ आली की जीभ अडखळते. पंधरा दिवस डोळे फोडून केलेल्या टेबलक्लॉथचे मोल दोऱ्याच्या किमतीएवढे सांगतात. घरबसल्या वेळ जातो म्हणून केले, असे स्वतःच म्हणतात. तेरेझबाई मानाच्या घरातली होती, तरी तिने आपल्या कामाला किंमत लावली आणि ती मोठ्या कारखान्याकडून घेतली. हातच्या विद्येला किंमत सांगणे म्हणजे लोभ नव्हे.

दुसरी गोष्ट लिहून ठेवण्याची. तिने गोळा केलेल्या टाक्यांत आपले फारसे काही नसेल, पण आपल्याकडे ते नाहीत का? गोधडीचा धावदोरा कोपऱ्यापासून आत आत कसा फिरवायचा, बाळाच्या कुंचीला चुण्या कशा पाडायच्या, टोपऱ्याचे तुकडे कसे जोडायचे, चोळीचा तिरपा कापड कसा बेतायचा, हे ज्यांना येते त्या म्हाताऱ्या आपल्या आळीत अजून चारपाच आहेत. त्यांच्यानंतर कुणाला विचारणार? आता मोबाईलवर परदेशातले टाके घटकेत दिसतात, पण आपल्या आजीचा टाका तिथे कुणी घातला आहे?

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. येत्या वर्षात एक जाड वही करावी. प्रत्येक पानावर वीतभर कापडाचा तुकडा शिवावा, त्यावर एक टाका घालावा, शेजारी तो कसा घालायचा ते साध्या मराठीत लिहावे आणि खाली तो जिने शिकवला तिचे नाव घालावे. इजिप्त आणि बल्गेरियातल्या त्या बायकांची नावे हरवली, आपल्या बायकांची हरवू नयेत. पहिल्या पानासाठी कापड आणि दोरा मी देईन. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नुसते बोलावे, लिहायला आम्ही आहोत.